क्लबहाउसचे वायफाय आणि मुलांची झोप

ए-४०२ : नमस्कार. मुलांनी वेळेवर झोपावे म्हणून रात्री दहानंतर क्लबहाउसचे वायफाय बंद करावे, या आपल्या सोसायटीच्या गटावर आलेल्या सूचनेला माझी हरकत नाही. परंतु मुलांकडे स्वतःचा डेटा असतो आणि खरा त्रास पांघरुणात चालू राहणाऱ्या फोनचा आहे. माझी नववीतील मुलगी फोटो टाकते, सारखी लाइक मोजते, मैत्रिणीपेक्षा कमी आले की फोटो काढून टाकते आणि मग ताटावर गप्प बसून राहते. हे पाहवत नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्येच इशारा दिला होता की, दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो.

सी-१०१ : ताई, मग ऑस्ट्रेलियासारखी सरळ बंदीच का नको? तेथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही.

बी-३०३ : काका, तेथे दंड कंपन्यांना होतो, मुलांना किंवा पालकांना नाही. घरात आपण बंदी घातली, तर मूल दुसऱ्या नावाने खाते उघडते आणि उद्या कोणी घाणेरडे लिहिले किंवा फोटोंवरून धमकावले, तरी ओरडा बसेल या भीतीने आपल्याला सांगत नाही. शाळेत समुपदेशन करताना मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केले, ते मला अधिक पटते : संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि तेही मोठ्यांसकट. आपण रात्रीपासून सुरुवात करावी. सर्वांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावावेत आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या खात्यात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन येत नाहीत. मात्र खाते उघडताना जन्मसाल खोटे घातले असेल, तर या सोयीचा उपयोग होत नाही, म्हणून ते मुलांसोबत बसून तपासावे. मूल झोपेनासे झाले, जेवण सुटले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

ए-४०२ : धन्यवाद, ताई. शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये आपण पालकांशी बोलाल का? आठवीपासूनच्या मुलांनाही बोलवावे, आणि पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्यावे, अशी माझी विनंती आहे.