शब्दचर्चा : वाण, गुण आणि मानवणं (इटालियन वाइनचे शब्द मराठीत आणताना)

जिज्ञासा :
इटलीतल्या प्रदेशोप्रदेशीच्या वाइनवरचा मजकूर मराठीत आणते आहे. चार शब्दांपाशी अडले आहे : ‘वोकातो’, ‘वितीन्यो’, ‘सोरी’ आणि ‘आप्पासिमेंतो’.
पहिला शब्द असा येतो : ‘तेर्रेनो वोकातो’, म्हणजे एखाद्या द्राक्षासाठी जणू घडवलेलीच जमीन. मी ‘भूहवामानीय अनुकूलता’ लिहिलं आणि खोडलं. फ्रेंच ‘तेरुआर’ (माती, हवा, उतार मिळून त्या जागेचा गुण) तसाच ठेवावा का? शेवटच्या शब्दासाठी, म्हणजे वाइन करण्याआधी द्राक्षातलं पाणी कमी करण्यासाठी, ‘बेदाणा करणे’ चालेल का?

शब्दार्थी :
‘मानवणं’ वापरा. ‘मला कोकणातली हवा मानवत नाही’ यातलं मानवणं. जमीन, पाणी, हवा, तिन्हींना ते चालतं आणि शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. फक्त वाक्याची दिशा सांभाळा. मराठीत जी गोष्ट मानवते ती कर्ता होते आणि ज्याला मानवते त्याला ‘-ला’ लागतो. म्हणून नेब्बिओलो या द्राक्षाबद्दल ‘ही टेकडी नेब्बिओलोला मानवते’ असं लिहा, ‘नेब्बिओलो या टेकडीला मानवतो’ असं नको. इटालियनमध्येही जमीनच पुढे असते, त्यामुळे अर्थ नेमका बसतो. त्याचं नाम करायच्या भानगडीत पडू नका. ‘मानवलेपण’ वाचायला जड जातं. वाक्य फिरवून क्रियापदच ठेवा.
‘वितीन्यो’ला ‘वाण’. हा वाण पुल्लिंगी. संक्रांतीचं वाण नपुंसकलिंगी आणि ‘कशाची वाण नाही’ मधली स्त्रीलिंगी, हे वेगळे शब्द आहेत. इटालियनमध्ये वेल ‘वीते’, फळ ‘ऊवा’ आणि वाण ‘वितीन्यो’, असे तीन शब्द. आपण तिन्ही ठिकाणी ‘द्राक्ष’ लिहून मोकळे होतो आणि वाचकाचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

मृद्गंध :
वाणाचा विषय निघालाच आहे तर आपली म्हण इथे फार कामाची आहे : ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतला वाण म्हणजे वर्ण, रंग. पण शेतीतला ‘वाण’ घालून वाचा, इटलीचं अर्धं कोडं सुटतं. वाण तोच राहतो, गुण शेजारच्या डोंगराचा, नदीचा, मातीचा लागतो.
सांजोवेझे हा एकच वाण घ्या. तोस्काना भागात मोंताल्चिनोला त्याची ब्रुनेल्लो ही वाइन होते, मोंतेपुल्चानोला त्यालाच प्रुन्योलो जेंतीले म्हणतात, स्कान्सानोला मोरेल्लिनो. नावं तीन, वाण एक. मोंताल्चिनोच्या आग्नेयेला 1738 मीटर उंचीचा आमियाता डोंगर आहे. त्या बाजूने येणारी वादळं, गारा तो अडवतो, म्हणून तिथे फळ पुरतं पिकतं आणि वाइन भरदार उतरते. नेब्बिओलोचंही तसंच : वायव्य इटलीतल्या पिएमोंतेत आल्बाकडे नेब्बिओलो, गात्तिनाराकडे स्पान्ना, वाल्तेल्लिनात क्याव्हेन्नास्का.
तेव्हा भाषांतरात नाव बदललं की वाणही बदलला असं समजू नका. पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे सांजोवेझेच’ असं लिहायलाच हवं.

द्राक्षबागाईत :
नेब्बिओलोबद्दल लिहिताना ‘धुकं’ सोडू नका. ‘नेब्बिया’ म्हणजे धुकं. ऑक्टोबरात तानारो नदीच्या खोऱ्यात धुकं साचतं आणि हा वाण नेमका तेव्हा तोडणीला येतो. दुसरा खुलासा असा की पिकल्या मण्यावर मेणकट पांढुरका थर धरतो, तो मण्यावर धुकं बसल्यासारखा दिसतो. दोन्ही द्या, निवाडा नको.
पण वाणाचा खरा स्वभाव छाटणीत कळतो. हा वाण लवकर फुटतो आणि सगळ्यांच्या शेवटी पिकतो. लवकर फुटतो म्हणून वसंतातल्या हिमकडाक्यात कोवळे कोंब जळतात, उशिरा पिकतो म्हणून शरदातल्या पावसात सापडतो. दोन्ही बाजूंनी मार. शिवाय काडीच्या बुडाकडच्या पहिल्या दोन-तीन डोळ्यांत (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा) घड जवळजवळ नसतातच. म्हणून दोन डोळ्यांवर आखूड छाटली तर वेल नुसती पाल्याने माजते. काडी आठ-दहा डोळ्यांची लांब ठेवून तारेला आडवी बांधावी लागते. ‘छाटणी’ एवढंच लिहिलंत तर हे हरवेल. ‘लांब काडीची छाटणी’ लिहा.

जिज्ञासा :
लांब काडीची छाटणी हे घेते. आणि ‘सोरी’? कोशात ‘दक्षिणाभिमुख उतार’ दिलंय. अर्थ बरोबर असेल, पण वाचताना नकाशाचा शब्द वाटतो.

मृद्गंध :
सोरी हा पिएमोंतेच्या बोलीतला शब्द. टेकडीची जी बाजू उन्हाला सामोरी असते आणि जिच्यावरचं बर्फ आधी वितळतं, ती सोरी. टेकडीचा माथा म्हणजे ‘ब्रिक्को’. बाटल्यांवर हे दोन्ही शब्द दिसतात. मी ‘उन्हाकडची बाजू’ लिहीन.
मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यात एवढं काय, असं वाटेल, म्हणून एक वाक्य खर्ची घाला. आल्बा साधारण 44.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 37 अंश वर असतो. त्याच दिवशी नाशिकला तो 61 अंशांच्या आसपास असतो. आता आल्बाची 20 अंश उताराची टेकडी धरा. दक्षिणेच्या बाजूवर ऊन 57 अंशांनी पडतं, उत्तरेच्या बाजूवर 17 अंशांनी. हिशोब केला तर सपाट जमिनीपेक्षा दक्षिण उताराला थेट ऊन सुमारे 40 टक्के जास्त मिळतं आणि उत्तर उताराला निम्म्याहून कमी. एकाच टेकडीच्या दोन बाजूंवर दोन हवामानं झाली. म्हणून बारोलो या नेब्बिओलोच्या वाइनच्या नियमातच बाग 170 ते 540 मीटर उंचीच्या दरम्यान हवी, उत्तरेकडची बाजू नको, दरीचा तळ नको, असं लिहिलेलं आहे. तळ नको, कारण रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि साचून राहते. शाळेच्या भूगोलात याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात.
भूगोलाच्याच पुस्तकातला आणखी एक शब्द वापरा : ‘दैनिक तापमान कक्षा’. इटालियन ‘एस्कुर्सिओने तेर्मिका’ला तो तंतोतंत बसतो. दिवसा चटका आणि रात्री गारवा असला की साखर भरते, पण द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल रात्रीच्या श्वसनात कमी जळतं, म्हणून वाइनला तजेला राहतो. आल्प्समधल्या बोल्त्सानोच्या आसपासच्या वाइनचं वर्णन या शब्दाशिवाय होणार नाही.

द्राक्षबागाईत :
आता ‘आप्पासिमेंतो’. ‘बेदाणा करणे’ अजिबात नको. बेदाण्याला चार किलो द्राक्षं लागतात तेव्हा एक किलो माल मिळतो, म्हणजे 75 टक्के वजन जातं. तासगावकडे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतात, त्याने मण्यावरचं मेण फाटतं आणि दोन आठवड्यांत माल वाळतो. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात उलट चालतं. तिथे मेण राखायचं, साल अखंड ठेवायची आणि घड हळूहळू 100 ते 120 दिवस सुकवायचे. वजन 30 ते 40 टक्केच घटवायचं. मण्यात रस शिल्लक राहिला पाहिजे, त्याचीच तर आमारोने ही वाइन करायची आहे.
ढोबळ हिशोब देतो. 100 किलो द्राक्षं, 20 ब्रिक्स गोडी (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप). 30 किलो पाणी उडालं तर तीच साखर 70 किलोत राहते आणि गोडी 28च्या पुढे जाते. प्रत्यक्षात थोडी साखर मण्याच्या श्वसनात खर्च होते, म्हणून आकडा जरा खाली येतो.
यात बिघडतं काय, तेही मजकुरात असेल तर शब्द नीट लावा. घड सुटा हवा, गच्च घडाच्या पोटात हवा शिरत नाही. खोक्यात एकच थर ठेवायचा, घडावर घड नाही. एक मणी फुटला की रस पाझरतो आणि राखाडी बुरशी शेजारच्या मण्यांत शिरते. दमट हवेचे आठ दिवस सलग आले तर खोलीच्या खिडक्या बंद करून पंखे लावावे लागतात. ही खोली म्हणजे ‘फ्रुत्ताइयो’. ती डोंगरउतारावर, वारा खेळेल अशी बांधतात. पूर्वी घड बोरूच्या चटयांवर पसरत, आता खोकी आली. नियमाने 1 डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चेचायला परवानगी नाही. त्या थंडीत इतक्या गोड रसात यीस्ट मंदावतं, आंबवण महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतं आणि मध्येच अडकण्याची भीती असते. अडकलं की साखर मागे उरते. आमारोने कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, हवी असते, तिच्या नावातला ‘आमारो’ म्हणजे कडू.

शब्दार्थी :
मग ‘सुकवण’ घ्या. सुकणं आणि वाळणं यात मराठी फरक करते. ओठ सुकतात, फुलं सुकतात, ओल कमी होते पण जीव असतो. वाळलं म्हणजे खडखडीत. सावलीत, वाऱ्यावर होतं ते सुकवण आणि उन्हात घालतात ते वाळवण.

मृद्गंध :
हा फरक इटलीच्या नकाशावर सरळ उतरतो. उत्तरेला व्हेरोनाकडे शरदात ऊन पुरत नाही, म्हणून छपराखाली सुकवण. दक्षिणेला पांतेल्लेरिया बेटावर ऑगस्टच्या उन्हात घड उघड्यावर पसरतात, ते वाळवण. तिथल्या वाणाचं नाव ‘झिबिब्बो’ अरबी ‘जबीब’वरून आलं, अर्थ सुकं द्राक्ष. म्हणजे नावातच वाळवण आहे.
त्या बेटावर वारा इतका की वेल उंच वाढवता येत नाही. साधारण 20 सेंटिमीटर खोल खळगा करून त्यात वेल लावतात आणि झुडपासारखी बुटकी छाटतात. खळग्यात पावसाचं पाणीही थांबतं. या पद्धतीचं नाव ‘आल्बेरेल्लो’, म्हणजे छोटं झाड. ‘झुडूप पद्धत’ लिहा. बेटावरच्या या लागवडीला 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

द्राक्षबागाईत :
‘पेर्गोला’ला मात्र बेधडक ‘मांडव’ लिहा, तो आपलाच शब्द आहे.  पानांची सावली घडावर राहते, मण्याला चटका बसत नाही आणि घड हवेत लटकतो. पिएमोंतेत कारेमाला मांडवाचे खांब दगडी, जाडजूड असतात. ते दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात. आल्प्सच्या पायथ्याच्या थंडीत नेब्बिओलो पिकतो त्यात या खांबांचाही वाटा आहे.

जिज्ञासा :
मातीच्या शब्दांचं काय करू? तोस्काना भागात ‘गालेस्त्रो’ आणि ‘आल्बेरेझे’ येतात, सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीपाशी ‘शारा’.

मृद्गंध :
गालेस्त्रोला ‘मुरूम’ लिहिण्याचा मोह टाळा. मुरूम काळ्या पाषाणाच्या झिजेतून होतो, गालेस्त्रो हा चिकणमातीचा थरांचा दगड आहे आणि हातात पापुद्र्यांसारखा सुटतो. ‘पापुद्री दगड’ म्हणा. आल्बेरेझे म्हणजे चुनखडीचा टणक दगड. इथे आपल्याकडचा वाचक अडखळेल. चुनखडीची जमीन म्हटली की आपल्या बागाईतदाराला लोहाची कमतरता आणि पिवळी पडलेली पानं आठवतात. तिकडेही चुना जास्त झाला की तेच होतं, म्हणून 140 रुग्गेरीसारखे चुना सोसणारे खुंट (ज्यांच्या मुळांवर वेलीचं कलम करतात ते) वापरतात. निचरा चांगला आणि पाणी हिशोबात, हा त्या दगडाळ जमिनीचा फायदा आहे. हे एक वाक्य न दिल्यास ‘चुनखडीची उत्तम जमीन’ ही छपाईची चूक वाटेल.
शारा म्हणजे एत्नाच्या लाव्ह्याचा थिजलेला ओघ. आपला दख्खनही लाव्ह्याचाच, पण तो कोट्यवधी वर्षं झिजून काळी चिकण माती झाला. एत्नाची माती ताजी, वाळूसारखी. त्या वाळूत फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीला पसरता येत नाही, म्हणून नेरेल्लो मास्कालेझे या वाणाच्या काही फार जुन्या वेली तिथे खुंटाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ‘स्वमुळावरची बाग’ हा शब्द आपल्या बागाईतदारांत रुळलेला आहे, तोच घ्या.

जिज्ञासा :
‘वितीन्यो आउतोक्तोनो’ला, म्हणजे मूळच्या तिथल्याच वाणाला, ‘गावठी वाण’?

शब्दार्थी :
नको. वाइनच्या मजकुरात ‘गावठी’ म्हटलं की हातभट्टी डोळ्यांसमोर येते. ‘गावरान’ घ्या. त्यात चवीचा मान आहे. औपचारिक मजकुरात ‘त्या मातीतला वाण’.
लिंगाचंही ठरवून ठेवा. वाण पुल्लिंगी, म्हणून ‘नेब्बिओलो पिकला’. वाइन स्त्रीलिंगी, म्हणून ‘बारोलो मुरली’. बारोलोला किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. ‘मुरणं’ इथे लोणच्याइतकंच नेमकं आहे. ‘परिपक्व होणे’ लिहू नका, कारण फळाच्या पिकण्यालाही तुम्ही तोच शब्द वापराल आणि दोन्ही एकमेकांत मिसळतील.

जिज्ञासा :
शेवटचं. ‘रेचोतो’ या गोड वाइनच्या नावाचा खुलासा ‘रेचे’, म्हणजे बोलीतले ‘कान’, असा दिलाय. घडाचे कान?

द्राक्षबागाईत :
घडाच्या वरच्या अंगाला दोन बाजूंना फुटलेले छोटे झुबके. आपण त्यांना पाकळ्या म्हणतो. वरच्या पाकळ्यांना ऊन आणि वारा जास्त लागतो, त्यांची गोडी घडाच्या शेंड्यापेक्षा जास्त असते, म्हणून रेचोतोसाठी पूर्वी तेवढ्याच वेगळ्या काढत. ‘घडाच्या वरच्या पाकळ्या, तिथल्या बोलीत कान’ असं लिहा.