हनोई ते सायगॉन (हो चि मिन्ह सिटी) किनाऱ्यानं, बस की ट्रेन?

राजारामपुरीकर: भावांनो, आम्ही तिघं मित्र कोल्हापुरातनं पाठीवर सॅक टाकून व्हिएतनामला जायचं म्हणतोय, विमान फक्त जाता-येता, मधलं सगळं किनाऱ्यानं खाली खाली बस नायतर ट्रेननं. दिवाळीत जमंल का? आणि रात्री स्लीपर बस बरी का ट्रेन?

रंकाळा_काठ: दिवाळीत नको भावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या किनाऱ्याला धो धो पाऊस, तिथल्या होई आन गावात नदीचं पाणी गल्लीत शिरतंय. मार्च-एप्रिल धरा. आणि ट्रेननं सगळी १७२६ किलोमीटर एका दमात नको, तीस तासांच्या वर जातंय, तुकडे पाडा. हुए ते दा नांग मात्र दिवसाउजेडीच करा, तीनेक तासच आहे पण हाय वान घाटात ट्रेन डोंगराच्या कडेकडेनं हळू जाते आणि खाली नुसता समुद्र, डावीकडची खिडकी धरा, नाद खुळा दिसतंय!

पेठेतला: स्लीपर बसमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत घालायला लावतात, आणि पाय पुढच्या सीटखालच्या खोक्यात सरकवून झोपायचं, उंच माणसाचे गुडघे आखडतात. लांब पल्ल्याला ट्रेनच, चार बर्थवाला डबा घ्या, सहावाल्यात सगळ्यात वर नीट बसता येत नाही. होई आनला स्टेशन नाही, दा नांगला उतरून पुढं ३० किमी रस्त्यानं.

राजारामपुरीकर: लय भारी, मार्चच फिक्स. व्हिसाचं काय?

रंकाळा_काठ: ई-व्हिसा, ९० दिवसांपर्यंत मिळतो. सरकारी साइटवरनंच काढा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटी जादा पैसे घेतात.