६० ओळींचा पायथन फायरवॉल आणि बंद केलेला राउटर

घणसोलीकर (धागाकर्ता):
'नवशिक्याने ६० ओळींच्या पायथनमध्ये स्वतःचा फायरवॉल लिहावा आणि राउटरमधला बंद करावा' असा सल्ला देणारी पोस्ट फिरतेय. फायरवॉल म्हणजे नको ती नेटवरची रहदारी अडवणारा पहारेकरी. खाली 'लय भारी'ची रांग. कोड कुणी वाचला का? रॉ सॉकेट (येणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, जशीच्या तशी वाचायची सोय) उघडलंय आणि पत्ता यादीत सापडला की 'ब्लॉक्ड' छापलंय. नुसतंच छापलंय! रॉ सॉकेटला पॅकेटची प्रत मिळते, मूळ पॅकेट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपल्या वाटेने पोचवतोच.

अडवायचंच तर एनएफटेबल्स (लिनक्सची पॅकेट गाळायची यंत्रणा) घ्या, २०१४ च्या लिनक्स ३.१३ पासून कर्नलमध्ये आहे. इनपुट साखळीची (यंत्राकडे येणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची यादी) पॉलिसी ड्रॉप, म्हणजे मुभा नसेल ते टाकून द्यायचं. आत लूपबॅक (यंत्राचं स्वतःशीच बोलणं) चालू, एस्टॅब्लिश्ड-रिलेटेड (आधीच जुळलेल्या जोडण्या आणि त्यांच्याशी संबंधित) चालू, इनव्हॅलिड (कुठल्याच जोडणीत न बसणारं) बाद, एसएसएच (लांबून लॉगिन) फक्त घरच्या बाजूने. सगळं एका फाइलीत, पहिली ओळ फ्लश रूलसेट (जुने नियम पुसणारी). फाइल लावली की सगळे नियम एकदम लागतात, आणि एक ओळ जरी चुकली तरी जुनेच राहतात. एकेक ओळ टाइप करणारे आधी ड्रॉप लावतात आणि स्वतःच एसएसएचबाहेर पडतात. यंत्र लांब असेल तर 'ॲट'ने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) पाच मिनिटांनी नियम पुसायची आज्ञा आधी लावून ठेवा.

कोपरी_पूल:
साहेब, ही झाली कॉन्फिग फाइल. मूळ प्रश्न प्रोग्रामिंग शिकण्याचा होता. एनएफक्यू वापरा की. कर्नल पॅकेट रांगेत ठेवतो, ठेवायचं की टाकायचं ते पायथन सांगतो. टीसीपी हेडर (पोर्ट, म्हणजे सेवेचा क्रमांक, असलेला भाग) कुठे सुरू होतं ते आयएचएल (आयपी हेडरची लांबी सांगणारा आकडा) गुणिले ४ ने काढावं लागतं. सरळ २० बाइट धरले तर आयपी ऑप्शन (हेडरमधली जादा माहिती) असलेल्या पॅकेटात पोर्ट भलताच वाचला जातो. तुमची फाइल नकलून हे कधी कळणार?

घणसोलीकर:
आणि प्रोग्रॅम पडला की? रांगेवर ऐकणारं कुणी नसेल तर पॅकेट टाकली जातात, घरभर नेट बंद. बायपास (ऐकणारं नसलं तर सोडून दे) लावलं तर सगळं न विचारता आत. शिवाय प्रत्येक पॅकेट पायथनमधून नेलं की वेगाचे तीनतेरा.

कोपरी_पूल:
प्रत्येक कशाला? एस्टॅब्लिश्ड कर्नलमध्येच सोडा, रांगेत फक्त नवी जोडणी.

रबाळे_रॅक:
मग डोमेन (साइटचं नाव) बघून अडवायचं विसरा. पहिल्या सिन (जोडणी मागणाऱ्या) पॅकेटात पत्ते आणि पोर्ट असतात. साइटचं नाव टीसीपी हँडशेकनंतरच्या क्लायंट हॅलोत (एनक्रिप्टेड जोडणीचा पहिला निरोप) येतं, तोवर तुम्ही जोडणी सोडून दिलेली. डोमेन डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) अडवा.

त्याहून मोठा घोळ म्हणजे सगळे 'टेबल आयपी' लिहितात. त्यात फक्त आयपीव्ही४ येतं, आयपीव्ही६ (नवे, लांब पत्ते) सताड उघडं! 'टेबल इनेट' लिहा, त्यात दोन्ही येतात.

घोडबंदर_फाटा:
आमच्या पट्ट्यात केबलवाल्याचं सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) आहे हो, वॅनचा (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला. बाहेरून येतंय कोण? आम्हाला साधं पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आतल्या यंत्राकडे वाट) मिळत नाही, ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद, नुसती जोडणी) टाकून देत नाहीत, आणि तुम्ही फायरवॉल शिकवताय!

रबाळे_रॅक:
सीजीनॅट फक्त व्ही४ ला. व्ही६ चालू असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळतो. मध्ये असतो तो राउटरचा फायरवॉल, जो त्या पोस्टीने बंद करायला सांगितलाय. आणि घाबरून आयसीएमपीव्ही६ (व्ही६ चे नियंत्रणाचे निरोप) सरसकट अडवू नका. नेबर डिस्कव्हरी (शेजारची यंत्रं शोधणं) त्यावरच चालते. 'पॅकेट टू बिग' हा निरोप अडला तर १४९२ एमटीयूच्या (एका पॅकेटाची कमाल लांबी, बाइटांत) पीपीपीओईवर (लॉगिन करून मिळणारी जोडणी) काही साइट उघडतात, काही नुसत्या गोल फिरतात. मग शिव्या केबलवाल्याला.

घोडबंदर_फाटा:
खातोच तो शिव्या, लायकीच आहे. बरं, सोसायटीच्या डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) काय? सीजीनॅटमागून मोबाइलवर दिसतो तो कसा?

रबाळे_रॅक:
तो स्वतःच बाहेर उत्पादकाच्या सर्व्हरला जोडलेला असतो. तुमचा इनपुट ड्रॉप त्याला शिवतही नाही. राउटरमधून पलीकडे जाणारी रहदारी फॉरवर्ड साखळीत येते, नियम तिथे लिहायचा. २०१६ च्या मिराई मालवेअरने असलेच डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरी पासवर्डवर पकडले होते.

कोपरी_पूल:
डीव्हीआर, केबलवाला, सोसायटी... आता पार्किंगही घ्या! नवशिक्याला एक यंत्र पुरतं. 'आयपी नेटएनएस'ने घर, फायरवॉल आणि बाहेर असे तीन नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगळी नेटवर्कं) करा, दोन वेथ जोड्यांनी (आभासी केबल) जोडा, मधल्यात आयपी फॉरवर्डिंग १ (पॅकेट पुढे धाडणं चालू) करा. घर आणि बाहेर दोन्हीकडे डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांची वाट) द्यायला विसरू नका, नाहीतर पिंग जातो, उत्तर परतत नाही, आणि पोरं तासभर फायरवॉलला दोष देतात. पायथन कितीही आपटू दे, घरचं नेट चालू.

घणसोलीकर:
नेमस्पेसच्या आत लिहा, हवं तर ब्रेनफकमध्ये (मुद्दाम अगम्य केलेली भाषा) लिहा. हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. त्या पोस्टीतली 'राउटरचा बंद करा' ही ओळ तेवढी खोडायला लावा.

कोपरी_पूल:
ती ओळ मी कधी उचलून धरली? दाखवा.

घोडबंदर_फाटा:
तुमचं चालू द्या. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकायला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच लागेल ना? कमिटी पैसे देणार नाही.

रबाळे_रॅक:
राउटर म्हणून चार पोर्टचा (केबल लावायच्या जागा) मिनी पीसी असेल तर नको. डीव्हीआर थेट चौथ्या पोर्टवर, त्याला वेगळं सबनेट (पत्त्यांचा गट), आणि फॉरवर्डमध्ये त्या इंटरफेसवरून निघणारं सगळं ड्रॉप. फक्त एस्टॅब्लिश्डची ओळ त्याच्या वर ठेवा, नाहीतर घरातूनही चित्र दिसणार नाही.