पुरुषांसाठी कार्ड: सजावट कमी, कागद चांगला

पुरुषांसाठी हाताने शुभेच्छा कार्ड बनवताना फुलं, लेस, मोती वगळले की ते ओकंबोकं दिसतं, असं काहींना वाटतं. मला वाटतं, इथे कागदालाच बोलू द्यावं. २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा, जाडसर) तपकिरी क्राफ्ट कागद आणि त्यावर गडद निळा किंवा बॉटल ग्रीन पट्टा, तोही मधोमध नाही, जरा डावीकडे. पुरे!

घडी घालण्याआधी मात्र पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो आणि तंतू वर येतात. ए४ अर्धा कापून दुमडला की कार्ड सी६ मापाच्या पाकिटात नीट बसतं.

आणि सरसकट गाड्या-क्रिकेट नको हो. बागेत रमणाऱ्या काकांना पानांचे ठसे द्या. रंग शिरांच्या बाजूला लावा, म्हणजे बारीक रेषाही उमटतात.