छळ सोसलेल्यांचं नवं राष्ट्र आणि बाहेरच्यांना बंद दार: वादविवादासाठी मांडणी हवी

गोदाकाठ, नांदेड

नमस्कार मंडळी. आमच्याकडची मुलं आंतरमहाविद्यालयीन वादविवादाची तयारी करायलेत. विषय असा: "छळामुळे वेगळं राष्ट्र उभारणाऱ्या अल्पसंख्य समाजाला बाहेरच्यांना प्रवेश नाकारण्याचा न्याय्य हक्क आहे." प्रत्येकाला सात मिनिटं, त्यानंतर तीन मिनिटं उलटप्रश्न.

अडचण अशी की दोन्ही बाजूंची मुलं दुसऱ्याच मिनिटाला इस्रायलवर येतात आणि तिथून पुढे नुसता आवाज वाढतो. अनुकूल बाजू म्हणते, ज्यांना जगात कुणी दारात उभं केलं नाही त्यांनी स्वतःचं दार लावून घेतलं तर बिघडलं कुठं? प्रतिकूल बाजू म्हणते, हा सरळ वंशभेद. दोघांकडे मुद्दा आहे, मांडणी नाही. विषयाची फोड कशी करावी? इस्रायलखेरीज उदाहरणं कोणती, तीही साल आणि कलमासकट? आणि आपल्या भागातलं काही यात बसतं का? आजच्या पक्षीय राजकारणात मुलांनी शिरू नये एवढीच अट.

उदगीर_वकिली

सर, आधी "प्रवेश नाकारणे" हेच फोडा. त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत: सीमा ओलांडून आत येणं, आत राहणं, नागरिक होणं आणि जमीन घेणं. प्रत्येकीचा न्याय वेगळा लागतो. मुलं चारही एकत्र करून बोलतात म्हणून सात मिनिटं पुरत नाहीत.

सीमेवर कुणाला घ्यायचं हे राज्य ठरवतं, हे जवळपास सगळे मान्य करतात. अपवाद मोठा आहे. १९५१ च्या निर्वासित करारातलं कलम ३३ सांगतं की जिथे माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे तिथे त्याला परत ढकलता येत नाही. जे राष्ट्रच पळून आलेल्यांनी उभारलं, त्याला हे कलम नाकारताना तोंड उरत नाही. प्रतिकूल बाजूने हा मुद्दा पहिल्या मिनिटातच ठेवावा.

नागरिकत्वासाठी १९६५ चा वंशभेद निर्मूलनाचा करार काढा. कलम १ चं उपकलम २ नागरिक आणि परकीय असा भेद करू देतं. उपकलम ३ म्हणतं, नागरिकत्वाचे नियम देशाने ठरवावेत, मात्र एखाद्या विशिष्ट राष्ट्रीयत्वाविरुद्ध भेदभाव नको. म्हणजे "आमच्या विखुरलेल्यांना सोपी वाट" हे बसू शकतं, "अमक्या वंशाला कधीच नाही" हे बसत नाही. आर्मेनियाच्या १९९५ च्या घटनेने आर्मेनियन वंशाच्या लोकांना सोपी प्रक्रिया दिली. इतरांची वाट लांब राहिली, पण बंद झाली नाही. अनुकूल बाजूला टिकणारी भूमिका हवी असेल तर ती ही.

आणि ज्याच्यावर सगळा वाद उभा आहे तो प्रश्न: राष्ट्र जन्मलं त्या दिवशी त्या जमिनीवर जे आधीपासून राहत होते, ते "बाहेरचे" का? माझ्या मते, नाही. कुठल्याच छळाचा इतिहास त्यांना बाहेरचे ठरवू शकत नाही.

बालाघाट

वरच्या शेवटच्या मुद्द्याला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाइतकं चोख उदाहरण दुसरं नाही, आणि आपल्याकडे ते कुणी वापरत नाही.

अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या आणि तिथे माणूस म्हणून जगू न दिलेल्या काळ्या लोकांनी २६ जुलै १८४७ ला हे राष्ट्र जाहीर केलं. घटनेच्या पाचव्या भागात कलम १३ होतं. आफ्रिकेच्या विखुरलेल्या, पिचलेल्या लेकरांना घर देणं हा या वसाहतींचा हेतू आहे, सबब कृष्णवर्णीयांखेरीज कुणालाही नागरिक करून घेतलं जाणार नाही, असा त्याचा आशय. त्याच्या आधीचं कलम १२ जमीन फक्त नागरिकाच्या नावे ठेवतं. यामागची भीती खरी होती. किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच टपून बसलेले, गोऱ्या व्यापाऱ्याला जमीन विकायची मुभा दिली असती तर दहा-वीस वर्षांत देश गहाण पडला असता. इथवर अनुकूल बाजू भक्कम आहे.

आता पुढचं पाहा. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या जमातीही कृष्णवर्णीयच, कलम १३ त्यांना अडवत नव्हतं. तरी त्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळाली १९०४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आर्थर बार्कली यांच्या काळात. मतदानाचा हक्क १९४६ मध्ये, तोही झोपडीपट्टी भरणाऱ्यांना. झोपडीपट्टी म्हणजे इथे घरटी कर. अमेरिकेतून आलेल्यांचे वंशज लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांचा एकच पक्ष १८७८ पासून १९८० पर्यंत सत्तेवर. सक्तीच्या मजुरीची तक्रार राष्ट्रसंघापर्यंत गेली, चौकशी समितीने १९३० मध्ये ती खरी ठरवली, आणि राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग यांना राजीनामा द्यावा लागला. गुलामीतून सुटलेल्यांच्या राज्यात सक्तीची मजुरी! एप्रिल १९८० ला लष्करातले सार्जंट सॅम्युअल डो यांनी बंड करून ती राजवट संपवली.

बिघाड कुठे झाला हे मुलांनी नेमकं सांगावं. गोऱ्यांना रोखणाऱ्या कलमामुळे तो झाला नाही. "हे घर आमच्यासाठी" या वाक्यातलं "आम्ही" बोटीतून उतरलेल्यांपुरतं ठेवलं गेलं, तिथे झाला. वंशाची अट मात्र १९८६ च्या घटनेतही कलम २७ मध्ये राहिली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे व्यापार करणाऱ्या लेबनीज कुटुंबांना नागरिकत्व नाही, जमीन भाडेपट्ट्यानेच.

हैती, म्हणजे कॅरिबियनमधली फ्रेंचांची गुलाम-मळ्यांची जुनी वसाहत, याच्या जोडीला ठेवा. १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य. १८०५ च्या घटनेत कलम १२: कुठलाही गोरा मालक किंवा जमीनदार म्हणून या भूमीवर पाऊल ठेवणार नाही. कलम १३ मध्ये अपवाद: नागरिकत्व दिलेल्या गोऱ्या स्त्रिया, तसंच जर्मन आणि पोलिश लोक. कलम १४ मध्ये सगळ्या हैतीवासीयांची ओळख एकच, काळे. म्हणजे अट रंगाच्या भाषेत लिहिलेली, तरी रोख मळेवाल्या मालकांवर होता. १८१६ च्या घटनेचं कलम ४४ तर दार उलट बाजूने उघडतं: आफ्रिकी किंवा मूळ अमेरिकी रक्ताचा कुणीही येऊन राहिला तर तो हैतीचा, एका वर्षाने पूर्ण नागरिक. जमैकातून पळून आलेले गुलाम मालकाने परत मागितले तेव्हा हैतीचे राष्ट्राध्यक्ष पेतियों यांनी दिले नाहीत.

जमीनबंदीला पळवाट मात्र निघालीच. एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी हैतीच्या घराण्यांत लग्नं केली आणि जमीन बायकोच्या नावे घेतली. १९१८ मध्ये, अमेरिकी फौजा देशात असताना, नव्या घटनेने ती बंदीच काढून टाकली.

मांजरातीर

बालाघाट यांचं वाचून मुलं प्रतिकूल बाजूला कलतील म्हणून दुसरं पारडं भरतो. मला स्वतःला अनुकूल बाजू अधिक पटते, काही मर्यादांसह.

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले होते, नाझींपासून पळणाऱ्या ज्यूंचं काय करायचं हे ठरवायला. मोठ्या संख्येने घ्यायची तयारी फक्त डोमिनिकन प्रजासत्ताकाने दाखवली. पुढच्याच वर्षी सेंट लुइस ही बोट ९३७ प्रवासी घेऊन हवानाला गेली. क्यूबाने मोजक्यांनाच उतरू दिलं, अमेरिका आणि कॅनडानेही घेतलं नाही. बोट युरोपात परतली आणि त्यातले २५४ जण पुढे नरसंहारात मेले. "सगळ्यांसाठी सगळी दारं खुली असावीत" हे तत्त्व सांगणाऱ्याने आधी या ३२ देशांचा जबाब द्यावा. जिथे आपण कायम मूठभर आहोत तिथे आपलं जगणं दुसऱ्याच्या मर्जीवर, हा अनुभव घेऊन जो समाज राज्य मागतो, त्याला निदान एका जागी निर्णय स्वतःच्या हातात हवा असतो. बाहेरून येणाऱ्यांनी तिथेही तो पुन्हा मूठभर झाला, तर राज्याचा हेतूच संपतो.

पण हा युक्तिवाद पोचतो कुठवर, हे पाहा. इस्रायलचा ५ जुलै १९५० चा परतीचा कायदा ज्यूंना आत घेतो, १९७० च्या दुरुस्तीने त्यांच्या मुला-नातवंडांना आणि जोडीदारांनाही. बोटीवरच्या माणसाला वाचवण्यासाठी एवढं पुरेसं आहे. १९५२ चा नागरिकत्व कायदा मात्र तिथल्या अरबांकडून तीन गोष्टी मागत होता: १ मार्च १९५२ पर्यंत रहिवासी म्हणून नोंद, कायदा लागू झाला त्या दिवशी देशात हजर असणं, आणि राज्य स्थापनेपासून सलग तिथे राहणं किंवा मधल्या काळात कायदेशीर मार्गाने आत येणं. युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडलेले, त्यांना हे कसं जमावं? जे देशातच राहिले पण लढाईच्या वेळी शेजारच्या गावी गेले होते, त्यांची घरंशेतंही १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने गेली. अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. सेंट लुइसचा दाखला यातल्या एकाही कलमाला लागू पडत नाही. वाचवण्याचा हक्क आणि हुसकावण्याचा हक्क एका दमात मागू नका, असं मुलांना बजावा.

आकड्यांची भीती खरी असू शकते, यासाठी लाटव्हिया घ्या. १९३५ मध्ये लाटव्हियन ७७ टक्के होते, सोव्हिएत काळातल्या हद्दपाऱ्या आणि स्थलांतरानंतर १९८९ मध्ये ५२ टक्के. स्वातंत्र्यानंतर त्यांनी १७ जून १९४० चे नागरिक आणि त्यांचे वंशज एवढ्यांनाच नागरिक मानलं. शेजारच्या लिथुआनियात मूळ लोक ऐंशी टक्के, त्यांनी सगळ्याच रहिवाशांना नागरिकत्व देऊ केलं. ऐंशी टक्केवाल्याला उदार होणं सोपं जातं, हे उलटप्रश्नात जरूर विचारावं.

परभणी_दप्तर

तत्त्वावर वाद कितीही घाला, अन्याय होतो तो तारखेत आणि कागदात.

लाटव्हियाचंच पुढचं सांगतो. सात लाखांहून अधिक माणसं "अ-नागरिक" झाली: पासपोर्ट वेगळा, मतदान नाही. १९९४ च्या कायद्याने अर्जासाठी वयोगटानुसार टप्पे लावले, ज्याचा टप्पा लांबचा त्याने नुसती वाट बघायची. १९९८ मध्ये सार्वमत घेऊन ते टप्पे काढावे लागले. आणि अ-नागरिकाच्या पोटी जन्मलेलं मूल आपोआप नागरिक व्हायला १ जानेवारी २०२० उजाडावं लागलं.

भूतानचं याहून कठोर. तिथे राज्य जुनंच, पण आपण बुडून जाऊ ही धास्ती तीच. १९८५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर १९५८ पूर्वीच्या वास्तव्याची नोंद मागितली. १९८८ च्या शिरगणतीत दक्षिणेकडच्या नेपाळीभाषकांची एफ-१ (अस्सल भूतानी) ते एफ-७ (परके) अशी प्रतवारी लावली. सारा भरल्याची पावती नेमकी १९५८ ची हवी, ५७ ची किंवा ५९ ची चालत नव्हती. एक लाखाच्या वर माणसं नेपाळच्या छावण्यांत गेली.

आपल्या आठ जिल्ह्यांत हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. निजामकाळची नोंद उर्दूत, १९५४ च्या खासरा पत्रकात आजोबांचं नाव "रामा", पुढच्या सातबाऱ्यावर "रामजी", शाळेच्या निर्गम उताऱ्यावर आडनावच वेगळं. तिन्ही एकाच माणसाचे, हे सिद्ध करायला नातवाची चपल झिजते. नव्या राष्ट्राने हाच गोंधळ ज्याला बाहेर काढायचं आहे त्याच्यावर लादला, तर कलम कितीही सभ्य भाषेत लिहा, परिणाम ठरलेला.

म्हणून अनुकूल बाजूला कायद्याचा मसुदा मांडायचा असेल तर एवढं त्यात असू द्या: कट-ऑफ तारीख स्वातंत्र्याच्या दिवसाची, त्याआधीची नको. त्या दिवशीचा रहिवासी विनाअर्ज नागरिक. युद्धामुळे बाहेर पडलेल्याला परतण्यासाठी काही वर्षांची मुदत. पुरावा कुठलाही एक, कागद नसेल तर शेजाऱ्यांची साक्ष चालावी. तू बाहेरचा आहेस हे शाबीत करायची जबाबदारी सरकारवर. अपील त्याच खात्याकडे नको, न्यायालयात. आणि कुणाचंही मूल बिनदेशाचं राहता कामा नये. १९६१ च्या करारात त्याची तरतूद आहेच.

नागसेनवन

आपल्या भागातलं काय, याला उत्तर देतो.

वेगळ्या वसाहतीची मागणी आपल्या मातीतही झाली आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांचा ठराव झाला. १९४७ च्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी तो कलमांच्या रूपात मांडला: वसाहत आयोग नेमावा, सरकारी पडीक जमीन त्याच्याकडे विश्वस्त म्हणून द्यावी, केंद्राने दरसाल पाच कोटी रुपये बाजूला काढावेत, आणि विक्रीला आलेली जमीन विकत घ्यायचा अधिकार आयोगाला असावा. जमिनीची भाषा नीट पाहा. पडीक सरकारी, नाहीतर विक्रीला काढलेली. कसणाऱ्याला उठवून घेतलेली नाही. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांनी वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला गावाबाहेर काढलं नाही. लायबेरियाशेजारी हे ठेवलं तर फरक लगेच कळतो. हे स्वतंत्र राष्ट्र नव्हतं, हे मात्र मुलांनी स्वतःहून सांगावं. नाहीतर समोरचा पकडेल.

दुसरं, मुलकी-गैरमुलकी. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीसाठी मुलकी, म्हणजे स्थानिक, असणं लागे, बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. १९५२ मध्ये हैदराबादेत याच प्रश्नावर मोठं आंदोलन झालं, गोळीबारही झाला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. नियम स्थानिकांच्या रक्षणासाठी, आणि तक्रार काय? खोटी मुलकी प्रमाणपत्रं. ज्याची ओळख आहे त्याला दाखला मिळतो, ज्याची नाही तो खरा असून लटकतो. हे उदाहरण नोकरीपुरतं आहे, अर्ध्या मिनिटाच्या वर देऊ नका.

गोदाकाठ, नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका. अनुकूल बाजूने "काही काळापुरती बंदी" अशी भूमिका घेतली आणि समोरून "किती काळ?" असं आलं, तर?

उदगीर_वकिली

वर्षांचा आकडा देऊ नका, तो लगेच खोडला जातो. बंदी कोणत्या कारणाने सुरू झाली ते सांगायचं आणि ते कारण संपलं की नाही हे तपासणारी यंत्रणा सांगायची: दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर कायदेमंडळात पुन्हा मतदान, नूतनीकरण झालं नाही तर कलम आपोआप रद्द. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले, पुढे १८३८ मध्ये ते ९ कोटींवर आले. म्हणजे स्वातंत्र्याला वीस वर्षं झाली तरी हैतीची भीती जिवंत होती. लायबेरियाला आज किनाऱ्यावर तसं कुणी टपलेलं नाही, तरी कलम २७ तिथेच आहे. "किती काळ?" आलं की मुलाने ही दोन्ही उदाहरणं सांगावीत आणि विचारावं, यातल्या कोणत्या देशाला मुदतवाढ द्याल?

बालाघाट

त्यावर प्रतिकूल बाजू विचारेल की मतदान करणार कोण, आत असलेलेच ना? त्याची तयारी ठेवा. परभणीकरांची अट, म्हणजे पहिल्या दिवसाचे सगळे रहिवासी मतदार, आधी मान्य केली असेल तरच उत्तर देता येतं.