पोरांचे प्रश्न आणि आपली उत्तरं: कोकणातले अनुभव लिहा

गुहागरला माहेरी आलेय. काल ओहोटीला किनाऱ्यावर गेलो तर सहा वर्षांची लेक म्हणाली, आई सकाळी इथे पाणी होतं ते गेलं कुठे? चंद्र ओढतो म्हटलं तर लगेच पुढचा, चंद्र एकच आहे मग पाणी दोनदा का वर येतं? मला पटकन सांगता येईना. रात्री वाचलं आणि सकाळी कणकेच्या गोळ्यावर दाखवलं, चंद्राच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडे ओढ सगळ्यात कमी म्हणून तिथलं मागे राहतं, असे दोन फुगवटे, आणि पृथ्वी फिरते तसा आपला किनारा दोन्हींखालून जातो. गोळा तिने दिवसभर हातातून सोडला नाही. तुमच्याकडे पोरं काय विचारतात, सविस्तर लिहा.

*

ताई, माझे आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जायचे. त्यांचा हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, साधारण तेव्हा पूर्ण भरती. मुलाला हे सांगितलं तर म्हणतो, म्हणजे रोज ४५ मिनिटं उशीर, पुस्तकात तर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो लिहिलंय, पणजोबांचं जवळजवळ बरोबर होतं की! आता रोज कालनिर्णय बघून वेळ काढतो आणि खाडीवर जाऊन ताडून बघतो.

*

मी देवगडचा. नातवाला विजयदुर्गला नेलं, साहेबाचे ओटे, म्हणजे ग्रहण बघायला बांधलेले कट्टे दाखवले आणि लहानपणापासून ऐकलेलं तेच सांगितलं, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर ह्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथून हेलियम शोधला. नातू आठवीत आहे, घरी येऊन त्याने शोधाशोध केली आणि विचारलं, आजोबा, लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता ना? खरंच होता. त्या ग्रहणाला गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच ऑक्टोबरात इंग्लंडातून पाहिली, तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर रॅम्झेने १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातूनही हेलियम वेगळा काढला होता. मला फार लागलं ते, एवढी वर्षं पाहुण्यांना हेच सांगत आलो. पण साहेब आला होता हे तर खरंच आहे. पुन्हा दोघं गेलो, ह्या वेळी सांगणारा नातू, की एरवी सूर्याच्या तेजापुढे त्याच्याभोवतीचं प्रभामंडळ दिसत नाही म्हणून ग्रहण गाठायला लोक बोटीने एवढ्या लांब यायचे. आता गावात कुणी १८६८ म्हणालं तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

*

छोटासाच. फणसाचा चीक पाण्याने का जात नाय, तेलानेच का जातो? पुतणीचा प्रश्न. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात सैल होतो. तिच्या एका हाताला तेल लावलं, एक तसाच ठेवला, गरे काढायला बसवली. परत विचारलं नाही.

*

मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ह्या विहिरी बघून धाकटा म्हणाला, "बाबा, चारय बाजूक खारा पाणी, मग ह्या गोडा खंयसून इला?" आमच्या आईने महाराजांची पुण्याई म्हणून सांगितलं, मी तिला मोडलं नाही. घरी ग्लासात मीठ घातलेलं पाणी घेतलं, त्यावर चमच्यावरून हळूहळू कोकमाने लाल केलेलं साधं पाणी सोडलं, लाल वरच राहिलं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते असंच खाऱ्याच्या वर राहतं. मग त्यानेच आजीला नेऊन दाखवलं आणि म्हणाला, महाराजांनी १६६४ मध्ये जागा निवडली तेव्हा पाणी बघूनच निवडली असणार. आजी खूश.

*

मी शिक्षक, राजापूर तालुका. कशेळीला कातळशिल्पं बघायला मुलं नेली होती. हत्तीचं एवढं मोठं चित्र की उभं राहून सगळं नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. जांभा दगड लाल का, हे सोपं होतं, पावसाने बाकीचं धुऊन नेलं आणि लोह मागे राहून गंजलं. पण सर, हे कोणी काढलं? मी म्हटलं, त्यांनी नाव लिहून ठेवलेलं नाही, लोक अजून शोधतायत, २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पाचवीतली एक मुलगी चप्पल काढून हत्तीच्या कडेकडेने चालत गेली, सोंडेपासून शेपटीपर्यंत, पावलं मोजत. मग परत येऊन म्हणाली, सर, एवढं मोठं काढताना त्याला स्वतःला तरी दिसत होतं का?