मदत हवी आहे: स्टीलहेड टक देतो आणि सुटतो (डेशूट्स नदी, ओरेगन)

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी, ओरेगन-वॉशिंग्टनकडे कोणी स्टीलहेडच्या नादाला लागलेलं आहे का इथे? असाल तर प्लीज वाचा, डोकं आउट झालंय माझं.

मी मूळचा चिपळूणचा, लहानपणी काकांबरोबर गरवायला जायचो, त्यामुळे गळ, गांडूळ आणि तासन्‌तास गप्प बसणं यातलं काही नवीन नाही. आता बीव्हर्टनला असतो. ट्राउट फ्लायवर (गळावर पिसं-धागे बांधून केलेलं खोटं आमिष) बऱ्यापैकी मिळतात पण या वर्षी स्टीलहेडचा किडा चावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा रेनबो ट्राउटच, जात तीच, फक्त समुद्रात जाऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो, आणि इथल्या सॅमनसारखा अंडी घातल्यावर मरतोच असं नाही, काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

तर मॉपिन गावाच्या खाली, मॅक्स कॅन्यनकडे जाणारा कच्चा रस्ता आहे त्या पट्ट्यात जातो. दोन हातांची 13 फुटी 7 वेट (लाईनच्या वजनाचा नंबर) स्पे रॉड, स्कॅगिट हेड (लाईनचा आखूड, जड पुढचा भाग), पुढे 10 फुटी टी-11 सिंक टिप (बुडणारं टोक) आणि तीन इंची काळानिळा इंट्रूडर (मोठी फ्लाय). दुकानातल्या माणसाने हेच बांधून दिलं. तिरकं खाली टाकतो, एक मेंड (पाण्यावरची लाईन उचलून वरच्या धारेकडे ठेवणं), मग फ्लाय धारेतून काठाकडे स्विंग होऊ देतो, थांबली की दोन पावलं खाली आणि परत तेच. दिवस दिवस काही लागत नाही, ते चालतं, त्याची तयारी ठेवूनच गेलोय. पण जेव्हा लागते तेव्हा अशी टक लागते की हात खांद्यापर्यंत हलतो, मी दांडी उचलतो आणि पुढे काहीच नाही, मोकळी लाईन. दर वेळी हेच. गळाला धार नाही का? फ्लाय मोठी होतेय का? का हे ट्राउटच आहेत आणि मी उगाच स्वप्नं बघतोय? बायको रोज विचारते आणलास का मासा, आणि मी रोज नदी किती सुंदर होती ते सांगतो.

गारपाणी

वाशिष्ठीकाठचा, गळाला धार आहे का ते अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा, घसरला तर बदला. पण मला वाटतं तुमचा घोळ "मी दांडी उचलतो" इथेच आहे. उचलायची नाही. गरवताना झटका द्यायची सवय असते ना, ती स्विंगवर नडते.

नीट सांगतो. स्विंगमधे लाईन ताणलेली असते आणि मासा तुमच्या सरळ खाली, तोंड वरच्या धारेकडे करून. तो फ्लाय तोंडात घेतो तेव्हा त्याचं तोंड तुमच्याच दिशेला आहे, आणि तुम्ही दांडी उचलली की फ्लाय त्याच्या उघड्या तोंडातून सरळ पुढे ओढली जाते, अडकायला काही जागाच नाही. त्याला वळू द्या. फ्लाय घेऊन तो आपल्या जागेवर जायला वळतो तेव्हा गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि तिथे बसला की सहसा सुटत नाही. म्हणून दांडी खाली, टोक फ्लायच्या मागोमाग, आणि रील आणि बोटामधे फूट दीड फूट लाईनचा सैल लूप धरून ठेवायचा. टक लागली की लूप सोडून द्या. मग रील ओरडायला लागेल, तरी थांबा, वजन लागलं की दांडी काठाच्या बाजूला आडवी न्या, आभाळाकडे नाही. लिहायला सोपं आहे, हात ऐकत नाही हे मलाही माहीत आहे.

आणि दुसरं, ती टी-11 आणि इंट्रूडर काढून ठेवा हो, ते हिवाळ्यातल्या थंड पाण्याचं सामान आहे. डेशूट्सचे मासे उन्हाळी रनचे, म्हणजे उन्हाळ्यात नदीत चढणारे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पाण्यात ते फ्लायसाठी वर येतात, फ्लोटिंग लाईन, स्कँडी हेड (स्कॅगिटपेक्षा हलकं, निमुळतं) आणि 6 नंबरचा ग्रीन बट स्कंक (छोटी काळी फ्लाय) बास झाला. ऑक्टोबर सरता सरता पाणी गार झालं की मग टिप लावा.

एरीकाठची

मला हे वाचून गंमत वाटली कारण आमच्याकडे बरोब्बर उलटं. मी क्लीव्हलँडजवळ, इथे लेक एरीला मिळणाऱ्या छोट्या नद्यांत स्टीलहेड येतात, समुद्र वगैरे काही नाही, तळ्यातच मोठे होतात (ग्रेट लेक्समधे हे मासे मूळचे नाहीत, 1876 मधे कॅलिफोर्नियातून मिशिगनला आणून सोडले तिथून सुरुवात). आम्ही बहुतेक जण इंडिकेटरखाली (पाण्यावर तरंगणारी खूण) अंड्याची फ्लाय किंवा निम्फ (पाण्यातल्या किड्यासारखी फ्लाय) वाहवत सोडतो आणि इंडिकेटर जरा जरी थबकला तरी लगेच झटका, थांबलात तर मासा थुंकून मोकळा. तेव्हा वाशिष्ठीकाठचा, तुम्ही व्हिडिओ बघून शिकला असाल तर आधी बघा तो व्हिडिओ कुठल्या पद्धतीचा आहे, दोन्हीची भेसळ झाली की असंच होणार.

गारपाणी

एरीकाठची, अगदी. तिकडे फ्लाय धारेबरोबर वाहत असते आणि लाईन सैल, म्हणून झटका हवाच.

बिनकाटा

लूपबद्दल माझं वेगळं मत आहे. नवीन माणसाच्या हातात लूप दिला की तो घाबरून घट्ट धरतो आणि मग लूप असून नसल्यासारखा. त्यापेक्षा लाईन सरळ रीलवर, ड्रॅग (रीलचा ब्रेक) हलका, बोट लाईनवर नाहीच. मासा रीलवरून लाईन खेचतो तेवढ्यात वळून झालेला असतो. मी असंच करतो.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते टक लागून सुटल्यावर काय करता ते, कारण त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. तो मासा बहुतेक वेळा तिथेच असतो! नदीत आल्यावर स्टीलहेड जवळजवळ खातच नाही, चिडून का सवयीने का कशाने घेतो ते त्यालाच माहीत, पण एकदा हलला तो परत हलू शकतो. म्हणून जागचे हलू नका, रीलमधून लाईन काढू नका, गुंडाळू पण नका, तेवढीच लांबी परत टाका. नाही आला तर लाईन हाताने आत घ्या पण रीलवर नको, म्हणजे लांबी तीच राहते, आणि आधीपेक्षा लहान आणि काळपट फ्लाय बांधा. मग चार पावलं वर जाऊन पुन्हा खाली खाली येत त्या जागेवर या. माझ्याकडे लागलेल्यातले कितीतरी असे दुसऱ्या खेपेचे आहेत.

ट्राउट का स्टीलहेड, तर डेशूट्सचे रेडसाइड (इथले रेनबो ट्राउट) पण जोरात मारतात, पण ते टकटकटक असं कुरतडतात. स्टीलहेडची ओढ एकच आणि जड असते.

वाशिष्ठीकाठचा

बापरे, एवढं सगळं! आभार. मी तर टक सुटली की चिडून तिथून पुढे निघायचो. आता दोन शंका. एक, दुपारी वारा असा सुटतो की कास्ट तोंडावर येतो, काय करू? दोन, नक्की कुठल्या वेळी जाऊ, कारण मी लंचपर्यंत आरामात पोचतो.

गारपाणी

लंचला पोचू नका. डेशूट्स उत्तरेकडे वाहते, म्हणजे मासा वरच्या धारेकडे तोंड करून दक्षिणेला बघत असतो आणि दिवसभर ऊन त्याच्या डोळ्यात, पापण्या तर नाहीत बिचाऱ्याला. म्हणून सगळे पहाटे आणि दरीची सावली पाण्यावर पडल्यानंतर टाकतात. मधल्या वेळात झोपा. फार खोलात पण शिरू नका, छातीपर्यंत पाण्यात उभे राहता तिथेच पहाटे मासा होता. कंबरेएवढं पाणी, चालत्या माणसाच्या वेगाची धार, खाली मोठे दगड, अशी जागा शोधा.

वाऱ्याचं सोपं आहे, अँकर (फेकण्याआधी लाईन पाण्याला टेकते ती जागा) नेहमी वारा जिकडे जातोय त्या बाजूला. तिथे दुपारचा वारा कोलंबिया नदीकडून नदीच्या वर वाहतो, म्हणजे अँकर वरच्या बाजूला हवा, म्हणून स्नॅप-टी किंवा सिंगल स्पे, ही कास्टची नावं. वारा उलटा फिरला तर डबल स्पे.

खडशी

इथे नवीन आहे, पुण्याहून वाचतोय. तिकडे मासे सोडून देतात म्हणे, एवढा खटाटोप करून पकडायचा आणि सोडून द्यायचा, मग पकडायचाच कशाला हो?

बिनकाटा

सगळे सोडत नाहीत खडशी. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, तो कापलेला असेल तर मासा हॅचरीचा (माणसाने पैदास करून सोडलेला), तो नियमात बसत असेल तर घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर रानातला, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढायचा आणि सोडायचा. समुद्रातून येऊन बॉनव्हिल आणि द डॅल्स अशी दोन धरणं चढून तो इथे पोचतो आणि हल्ली येतात फार थोडे. 2021 ला इतके कमी आले की इथली स्टीलहेडची मासेमारीच बंद केली होती. महाडजवळ वाळण कोंडीतल्या माशांना कोणी हात लावत नाही ना, इथे देवाऐवजी सरकार आहे इतकंच.

वाशिष्ठीकाठचा, त्यामुळे निघण्याआधी ओरेगनच्या मत्स्य खात्याच्या साइटवर नदी उघडी आहे का बघा, बॉनव्हिल धरण चढलेल्या माशांचा रोजचा आकडा बघा, आणि पाणी 20 अंशांच्या वर गेलं असेल तर स्टीलहेडला त्रास देऊ नका, दमलेला मासा सोडल्यावर पण मरतो. लायसन्सबरोबर कंबाइंड अँगलिंग टॅग (ठेवलेल्या माशांची नोंद करायचा) लागतो. आणि बोटीत बसून टाकायला डेशूट्सवर बंदी आहे, उतरूनच टाकायचं.

एरीकाठची

कापलेल्या पराचा मिळाला तर कालवणाचा फोटो टाका. तिरफळं आहेत का घरात?

वाशिष्ठीकाठचा

तिरफळं आईने दिलेली आहेत डब्यात. शनिवारी पहाटे जातोय, फ्लोटिंग लाईन घेऊन. बिनकाटा आणि गारपाणी, लूप का रील ते तुम्ही दोघांनी ठरवा तोपर्यंत.

बिनकाटा

रील.

गारपाणी

लूप. आणि काळोखात गवतातून उतरताना काठी आपटत जा, त्या दरीत रॅटलस्नेक आहेत, दगडांवर हात ठेवायच्या आधी टॉर्च मारा.